भाऊच्या फोनमधला कचरा

धर्मेंद्रभाऊ,

चहा थर्मासमध्ये आहे. प्रमिलामावशीचा फोन टीव्हीजवळ ठेवलाय. बिघडला नव्हता, साडीवर टिकल्या चिकटवायचा गोंद स्पीकरच्या जाळीत जाऊन बसला होता. सुईनं काढला. तिला सांग, आता आवाज येईल.

तू उठायच्या आधी तुझाही फोन साफ करायला घेतला. 'जागा भरली दाखवतो' म्हणून कालपासून तुझी कटकट चालली होती ना. माझा फोन फुटल्यापासून माझा मेल तुझ्याच फोनवर उघडतो. त्यातला कचऱ्याचा डबा रिकामा करायला गेले, तर आत हजीऱ्याच्या कंपनीचं पत्र. मुलाखत आज अकरा वाजता. पत्र येऊन बारा दिवस झाले. तुझ्या आणि माझ्याशिवाय त्या फोनला कुणी हात लावत नाही.

परवा तूच माझ्यासाठी लोचो घेऊन आलास. "नाही आलं बोलावणं तर नाही आलं, आपलं दुकान आहे ना," म्हणालास. मी वेडी, दोन प्लेट खाल्ल्या आणि लगेच तुझ्या नव्या साड्यांचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवायला बसले.

मी हजीऱ्याला निघाले. मायला सगळं सांगितलंय, तू नवीन काही रचू नकोस. आजपासून कुणाचा फोन अडला तर तूच बघ.

मेल डिलीट कसा करायचा, हे तुला मीच शिकवलं. डिलीट केलेला मेल महिनाभर कचऱ्यात पडून असतो, तेवढं शिकवायचं राहून गेलं.

धनश्री