तपकिरी दाण्याची गोणी

सोमवार, ४ मार्च
गेल्या आठवड्यात वितळवलेल्या बॉक्साइटची ढेप आज फोडली. आतून तपकिरी, कडक — बघत राहावं असा माल! दळून, चुंबकाखालून काढून, चाळून माझ्या तपासणीच्या टेबलावर आला. वाळूचा अंशही नाही. खुशीत सही ठोकली.

बुधवार, ६ मार्च
दादा आला होता. जहाजांच्या यार्डात आमच्या कारखान्याचाच दाणा हवेच्या दाबाने मारून पत्र्याचा गंज काढतो. बोलता बोलता खोकायला लागला, थांबेचना. मास्क लावत नसशील, म्हणून मी रागावले. तर म्हणतो, "लावतो गं. पण दोनतीन वर्षं झाली, तुमचा दाणा एका माऱ्यात पीठ होतो. समोरचं दिसत नाही."
काहीतरीच! आमचा दाणा फुटला तरी नवे धारदार कोपरे निघतात, गोळा करून पुन्हापुन्हा मारता येतो. म्हणून तर यार्डांनी वाळू बंद करून हा घेतला. माझ्याच मालाला नावं ठेवतो!

गुरुवार, ७ मार्च
खोकला डोक्यातून जात नाही. पीठ कसं होईल?

शनिवार, ९ मार्च
यार्डात गेले. दादाने शिवलेली गोणी माझ्यासमोर उसवली. भिंगाखाली बघितलं — तपकिरी दाण्यांत गोलसर, काचेसारखे कण. माप भरून तोललं, नेहमीपेक्षा हलकं भरलं. वाळूच. तिची धूळ छातीत बसली की बाहेर येत नाही, नव्या मुलींना मीच शिकवते.
गोणीवर माझा शिक्का. पण नमुना मी चाळणीपाशी घेते. गोण्या पलीकडच्या शेडमध्ये भरतात. तिथे कधी डोकावलेही नाही. तिथले सुपरवायझर आमचे हेच, मग कशाला जायचं?
ह्यांना अजून काही बोलले नाही.

सोमवार, ११ मार्च
दादाच्या छातीचा फोटो काढला. दोन्हीकडे ठिपके. डॉक्टरांनी विचारलं, "वाळूत काम करता का?" दादा म्हणाला, "छे, वाळू केव्हाच बंद झाली." मी त्याच्याकडे बघूच शकले नाही.

मंगळवार, १२ मार्च
ह्यांना सगळं सांगितलं. गोणी, वाळू, फोटो. ऐकून म्हणाले, "दादा त्या यार्डात आहे, हे आधी बोलायचं ना. त्या गोण्या दुसऱ्या यार्डाला पाठवल्या असत्या."