सेहेचाळीस हजर

१० नोव्हेंबर, सोमवार
प्रधान मॅडम महिनाअखेर रिटायर. त्यांच्या खुर्चीवर कोण, ते या शुक्रवारी ठरणार. मुलाखत अकरा वाजता, मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये. अकरा वर्षं रिसेप्शनला बसलेली मी ऑफिस मॅनेजर होणार म्हणे! वाशीचा शनिवार-रविवारचा कोर्स झाला, सर्टिफिकेट लॅमिनेट करून कपाटात ठेवलं.
त्यात मॅडम आज म्हणाल्या, "बुधवारी मॉक ड्रिल आहे. यादी तू करायचीस, हजेरीही तूच घ्यायचीस. साहेब बघणार आहेत." म्हणजे भोंगा वाजला की सगळे गेटजवळ, आणि नावं पुकारून मी सांगायचं की आत कोणी राहिलं नाही. तळोज्यात केमिकलची कंपनी, हे काम चुकून चालत नाही. मी तर चारचौघांत स्वतःचं नावसुद्धा पुटपुटत सांगते.

११ नोव्हें., मंगळ
सकाळी गच्चीवर नावं पुकारायची प्रॅक्टिस. अख्ख्या सानपाड्याने ऐकलं असेल. खालच्या मजल्यावरच्या काकू धापा टाकत वर. "काय गं वंदना, कोणी हरवलंय का?"
यादीचं टेन्शन होतं. कॉम्प्युटरमधली बेकार: सोडून गेलेले दोघे अजून तिच्यात, नवे तिघे नाहीतच. शेवटी माझी चहाची वही काढली. कोणाला बिनसाखरेचा, कोणाला नको, कोण रजेवर, रोज लिहिते. त्या वहीत चूक नाही व्हायची. ४६ नावं टाइप केली. मॅडमनी पाठीवर थाप दिली. "ही अक्कल कोर्समध्ये नाही शिकवत." बरं वाटलं. दोन मिनिटं.

१२ नोव्हें., बुध

भोंगा अकराला. सगळे गेटजवळ. कागद हलताना दिसू नये म्हणून पोटाशी धरला. ४६ नावं, ४६ वेळा "हजर". साहेबांना म्हटलं, "सर, सगळे बाहेर आहेत. आत कोणी नाही." माझा आवाज चक्क मोठा आला. चार मिनिटांत सगळं. साहेब म्हणाले, "व्हेरी गुड, वंदना." टाळ्यासुद्धा.
आत आले, पाणी प्यायला पँट्रीत गेले. चहा करणाऱ्या पार्वतीमावशी ओट्याशी उभ्या. आलं किसत होत्या.
पाणी राहिलं बाजूला. म्हटलं, "मावशी, तुम्ही बाहेर नाही आलात?"
"मना कोनी सांगलाच नाय बाय. भोंगा वाजला तं वाजला. तो तुमचे लोकांसाठी. मी कॉन्ट्रॅक्टची हाय ना."
रोज सगळ्यांचे कप भरतात मावशी. त्यांचा स्वतःचा कप मी वहीत कधी धरलाच नाही.
बाथरूममध्ये जाऊन बसले. आज खरंच गॅस सुटला असता तर? मी सांगितलं होतं, आत कोणी नाही. मग त्यांना आणायला कोण गेलं असतं आत?

१३ नोव्हें., गुरु
ड्रिलचा रिपोर्ट टेबलावर आला. "एकूण ४६, हजर ४६." खाली सहीची रेघ, माझ्या नावाची. मॅडम म्हणाल्या, "उद्या मुलाखतीलाच घेऊन ये. साहेब खूश आहेत, पोस्ट तुझीच समज."
सही केली नाही. पेन चालत नाही म्हटलं. पेन चांगलं होतं.
दुपारी पँट्रीत जाऊन मावशींना सांगितलं, रिपोर्टमध्ये तुमचं नाव घालते. त्यांनी हातच धरला. "नको गं बाय! ठेकेदार बोलल, तू बाहेर का नाय गेलीस? मना काढल. माझा नावच नको घेऊ."
आता? लिहिलं तर त्यांची नोकरी जाईल, माझी पोस्ट जाईल. नाही लिहिलं तर कोणाला काही कळणारही नाही. हेच जास्त भीतीचं वाटतंय. पुढच्या वेळी त्या पुन्हा आतच. आणि हजेरी घेणारी मी.
संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. आई साताऱ्याची, मेथी निवडत ऐकत होती. म्हणाली, "तिला कुणी हाक मारली हुती का?"
"नाही."
"मग तिची चूक कशी गं? तुजी हाय. तसं लिव्ह की."
बोलायला काय जातंय आईचं. मुलाखत माझी आहे.

१४ नोव्हें., शुक्र
सकाळी कंपनीच्या बसमध्ये.
नवा कागद लिहिला. "एकूण ४७. हजर ४६. पार्वती ठाकूर पँट्रीत होत्या. यादी मी चहाच्या वहीवरून केली, त्यात त्यांचं नाव घेतलं नव्हतं. त्यांना सूचना मिळाली नव्हती. चूक माझी." सही केली. जुना कागदही पिशवीत आहे. फाडवला नाही.
कळंबोली आली.

११.४०
केबिनच्या बाहेर बाकावर.
नवा दिला. साहेबांनी वाचला, परत वाचला. एकही प्रश्न नाही. कोर्सबद्दल नाही, कशाबद्दल नाही. कागद पालथा ठेवला. "बाहेर बसा." प्रधान मॅडम आतच, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.
मावशी चहा घेऊन आल्या. म्हटलं, "तुम्ही घेतलात?" त्या हसल्या. त्यांना अजून माहीत नाही मी काय लिहिलंय. सांगायला तोंड उघडलं आणि...
दार उघडून मॅडम म्हणाल्या, "पार्वती, आत ये."
मावशींनी हात पदराला पुसले. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.
दार लागलंय. आतून काही ऐकू येत नाही. चहावर साय धरली.