कंदील विझला होता

बा, आज घरात इतका आनंद आहे की तुमच्याशी भांडायला सवड नव्हती, पण आता सगळे निजायला गेलेत आणि मी बसले आहे. नातीची मुलगी आज वर्षाची झाली. मेहकरहून मंडळी आली, पुरणपोळ्या झाल्या, पोरीनं माझ्या चष्म्याची काडी मोडली आणि मी वेड्यासारखी हसत बसले. पतवंड पाहिलं मी. माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही तुम्हीच सोडवली, म्हणून अक्षर वाकडंतिकडं येतंय. मला त्या पेवाचं लिहायचं आहे.

आताच्या पोरांना पेव म्हणजे काय तेही सांगावं लागतं. पांढऱ्या मातीत खणलेला खोल खड्डा, तोंड घागरीसारखं अरुंद. आत कडबा लावून ज्वारी भरायची, वर फरशी ठेवून शेणामातीनं लिंपायचं, की वर्ष वर्ष दाण्याला काही होत नाही. आपलं पेव गोठ्यामागं होतं. ते उघडलं की एक दिवस तसंच ठेवायचं, दुसऱ्या दिवशी दोरीनं पेटता कंदील आत सोडायचा. कंदील जळत राहिला तरच माणसानं उतरायचं. आत कोंडलेली वाफ असते, ती माणसाला हाकसुद्धा मारू देत नाही. हे मला कोणी शिकवलं? तुम्हीच.

महाराष्ट्र झाला म्हणून शाळेत पेढे वाटले होते, त्याच्या नंतरचा दुसरा का तिसरा उन्हाळा असेल. अक्काला पाहायला साखरखेर्ड्याचे पाहुणे यायचे होते ते दोन दिवसांनी, पण सकाळी निरोप आला की आजच सांजेला येतो. घरात दळायला ज्वारी नाही. आई म्हणाली, शेजारून पायलीभर आणते. तुम्ही म्हणालात, पाहुण्यांपुढं दुसऱ्याच्या दाण्याची भाकर ठेवू काय. तुमचा ताठा मोठा. आई चुलीकडं वळली आणि तुम्ही फावडं घेऊन पेवाकडं गेलात.

मी नऊ वर्षांची, अंगानं काडी, म्हणून पेवात नेहमी मीच उतरायची. खरं सांगते, मला त्याची ऐट होती. सगळ्या गल्लीत कोणाच्या पोरीला एवढं मोठं काम नव्हतं. तुम्ही फरशी काढलीत, एक दिवस कुठला, विडी ओढून होईपर्यंत थांबलात आणि कंदील सोडलात. तो निम्म्यावर गेला आणि विझला.

आता आपला कंदील. त्याची काच तडकलेली, तिला कागद चिकटवलेला. घरातही दार लोटलं तरी तो विझायचा आणि आई त्याला शिव्या घालायची. तुम्ही तो वर ओढून काचेकडं पाहत राहिलात. कुंपणापलीकडं पिंजारी चाचा गादीचा कापूस पिंजत होते. त्यांच्या पिंजायच्या कमानीची तार थांबली.

"भाऊ, कंदील इझला. आज राहू दे."

"काच फुटकी हाय त्याची," तुम्ही म्हणालात. "हवेनं इझला."

पेवात कुठली हवा आली, बा? साठ वर्षं मी हेच विचारते आहे. दुसऱ्यांदा पेटवून सोडला असता तर काय झालं असतं? माझ्या कमरेला तुम्ही दोरी बांधलीत, गाठ दोनदा ओढून पाहिलीत आणि म्हणालात, "उतर वं माय."

मी उतरते आहे. गरम आंबूस वास येतो आहे, नेहमीपेक्षा जास्त. पाय ज्वारीत रुतले, टोपलं अर्धं भरलं आणि कानात चाचांची तार वाजायला लागली. वर चाचा तर हात थांबवून उभे होते. मी ‘बा’ म्हणायला तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. वरचं तोंड ताटलीएवढं दिसत होतं, मग वाटीएवढं, मग नाही.

शुद्ध आली तेव्हा मी लिंबाखाली होते, कमरेची दोरी सोडलेली, चाचा टॉवेलानं वारा घालत होते. ते कुंपणावरून उडी टाकून आले आणि तुम्ही दोघांनी ओढलं, हे नंतर कळलं. तुमच्या तळहातांची सालटं निघाली होती. ते हात मी विसरले नाही, हेही लिहून ठेवते. गल्ली जमली. कोणीतरी म्हातारं विचारत होतं, उघडल्या उघडल्या पोरीला आत उतरवलं कोणी? मी तुमच्याकडं पाहिलं.

"कोण उतरवते?" तुम्ही म्हणालात. "आपल्या मनानंच उतरली. हुंदड कार्टी हाय."

चाचांनी तुमच्याकडं पाहिलं आणि खाली मान घातली. आई घरातून धावत आली होती, तिला काय ठाऊक. तिनं मला छातीशी धरलं, मग दोन थपडा दिल्या आणि पुन्हा छातीशी धरलं. सांजेला पाहुण्यांनाही तुम्ही तेच हसून सांगितलंत. भाकरी शेजारच्याच ज्वारीच्या झाल्या. अक्काचं जमलं. पुढं मला बीबी गावात दिलं, तिथंही ती गोष्ट माझ्या आधी पोचली. सासू मला पाच वर्षं विहिरीवर एकटी जाऊ देत नव्हती, म्हणायची, हिचा भरवसा नाही.

तुम्ही गेल्यावर मी माहेरी आले तेव्हा चाचा फार म्हातारे झाले होते. बोलता बोलता एकदम म्हणाले, "बेटी, कंदील इझला होता. म्या पाह्यलं होतं." बस, एवढंच. मी तिथंच बसून रडले. तुमच्या मयताला मी एवढी रडले नव्हते.

मग आज काय झालं ते ऐका. जेवणं चालली होती, नात लेकीला मांडीवर घेऊन सगळ्यांना सांगत होती, आमची आजी नऊ वर्षांची असताना एकटी पेवात उतरली होती, कोणाला न विचारता. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "खरं ना आजी? तुझ्यावरच जाणार बघ ही." सगळे माझ्याकडं पाहत होते. चाचांचं ते वाक्य जिभेवर आलं होतं.

हा कागद पोथीच्या कपड्यात घडी करून ठेवते, तुम्हाला कुठं पाठवणार. मी "हो" म्हणाले, बा. तुमची लाज राखायला म्हणून नव्हे. नातीच्या गोष्टीतली ती कोणाला न विचारता उतरणारी पोर मला फार आवडली.