जंतूंचं जेवण बंद

प्रिय धाकट्या,

तुझा अहवाल वाचला आणि डोकं असं तापलं की समोरचा चहा गार झाला तरी कळलं नाही. भूजलातलं युरेनियम काढून टाकण्यात आलं आहे, असं लिहितोस. कोणी काढलं रे? कुठे नेऊन टाकलं? इतकी वर्षं त्या बंद पडलेल्या युरेनियम कारखान्याच्या कुंपणाच्या आत जमिनीखालचे जंतू मी पोसते आहे, मला तर एक पोतंही बाहेर गेलेलं दिसलं नाही.

आता तू खात्यातला मोठा साहेब; पण हे तुला मीच शिकवलं होतं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तुझ्या परीक्षेच्या आधी. बोअरमधून आम्ही जंतूंना सिरक्यासारखं आंबट खाद्य सोडतो. ते खाऊन जंतू पाण्यात विरघळलेल्या युरेनियमचे न विरघळणारे कण करतात, कण वाळूत अडकून बसतात, पाणी स्वच्छ होतं. खाद्य बंद केलं की हळूहळू खाली ऑक्सिजन शिरतो आणि बसलेलं सगळं पुन्हा पाण्यात उतरतं. लहानपणी तू खोली झाडायचास म्हणजे कचरा पलंगाखाली सारायचास, आठवतं? खरं सांगायचं तर आमचंही काम तेच. फक्त आम्ही पलंगापाशी राखण करत बसतो. खाद्य बंद करायला सांगून तू राखणच उठवलीस आणि वर खोली चकाचक म्हणून सही ठोकलीस.

आणि कोपऱ्यातल्या बोअरचं काय? उन्हाळ्यात तिथला पंप बिघडला, खाद्य थांबलं, आणि पाण्यातल्या युरेनियमचा आकडा पुन्हा मर्यादेच्या वर गेला. मी लगेच तुला फोन केला. नमुना चुकला असेल, म्हणालास. अहवालात ती बोअरच नाही. धूळ फेकायला तुला माझेच डोळे सापडले का? नमुना मी घेतला होता, दोनदा.

कुंपणापलीकडच्या बेकरीवाल्या काकूंनी परवा मला रस्त्यात थांबवलं. टँकर बंद होऊन विहीर उघडणार म्हणतात, सुनेला दिवस गेलेत, पाणी घेऊ ना, असं विचारत होत्या. तुमच्या भावानेच सही केलीय म्हणजे आम्हाला कसला घोर, असंही म्हणाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. घेऊ नका, म्हटलं.

आईला हे कळल्यापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. भावंडांनी घरातलं घरात मिटवावं, म्हणते. तुझी बढती अडेल, नवा संसार आहे, हे काय मला दिसत नाही? तापात तुझ्या उशाशी मीच बसायचे. तुझं वाईट व्हावं असं माझ्या मनात येईल तरी का? पण ती विहीर आपल्या घरातली नाही.

विहीर उघडण्याआधी रहिवाशांची सभा आहे. तू व्यासपीठावर असशील. मी खाली पहिल्या रांगेत, त्या गाळलेल्या बोअरचे आकडे घेऊन. मी उठून ते वाचणार आहे, आणि कोणी गाळले असं विचारलं तर तुझंच नाव सांगणार आहे. चारचौघांत ते पहिल्यांदा कानावर पडून तुझा चेहरा उतरलेला मला बघवणार नाही, म्हणून आधी तुला लिहिलं. सही अजून मागे घेता येते रे. घे.

काहीही झालं तरी तुझीच,
ताई