फोकस आईवर

१ नोव्हेंबर २००९, मुलुंड

आलो बाबा एकदाचे! मानखुर्दच्या अंधाऱ्या खोलीतून थेट तिसऱ्या मजल्यावर, आणि हॉलला पश्चिमेची खिडकी. दुपारी ऊन पार समोरच्या भिंतीपर्यंत येतं. अप्पा उन्हात पाय पसरून बसले आणि म्हणाले, संघमित्रा, तुझ्या आईला हेच हवं होतं गं. झालं, माझ्या डोळ्यांत पाणी.

आईची लोखंडी कॉट आणलीच. टेम्पोवाला कुरकुरत होता, त्याला चांगला झापला. आईला जाऊन आता वर्ष होईल. लोकांची लग्नं शूट करून पोट भरणाऱ्या पोरीकडे स्वतःच्या आईचं एवढंसंही शूटिंग नाही. आग लागो माझ्या धंद्याला.

४ नोव्हेंबर

देवेश आणि मी लग्नांची कामं एकत्र घेतो. त्याने आज त्याचा घरी बनवलेला अडॅप्टर दिला. दिसायला नुसती नळी. पुढच्या टोकाला फोटोच्या कॅमेऱ्याची लेन्स, मध्ये सतत थरथरणारी दुधी काच, मागे आपला साधा हँडीकॅम. लेन्स काचेवर चित्र पाडते, हँडीकॅम ते चित्र टिपतो. मग सिनेमासारखं एकच माणूस स्पष्ट, बाकी सगळं धूसर. झकास काम!

भानगडी दोन. उजेड फार खातो, आणि चित्र उलटं येतं, डोकं खाली पाय वर. ते नंतर कॉम्प्युटरवर सुलटं करायचं. मी वैतागले तर देवेश म्हणतो, सवय होईल ना यार, नंतर उलटं आहे हे लक्षातही येत नाही.

७ नोव्हेंबर

आईच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे वर्षाच्या स्मरण-कार्यक्रमाला, दाखवायला अप्पांच्या आठवणी शूट करायला घेतल्या. खिडकीशी अप्पांची खुर्ची, मागे आईची कॉट. अप्पा तिच्या भाकरीबद्दल सांगत होते, कशी टम्म फुगायची ते. त्यांच्या मागे कॉटवर काहीतरी निळं दिसलं. चादर असेल म्हटलं. पण चादर पांढरी आहे.

मी फोकसची रिंग फिरवली. आई होती. निळ्या साडीत, कॉटवर बसलेली.

मान वर करून बघितलं, कॉट रिकामी. स्क्रीनवर परत आई. घाबरायला हवं होतं ना? मी मात्र हुंदके देऊन रडले, आनंदाने. रिंगवर तेवढ्या जागी लाल नेलपॉलिशची खूण करून ठेवली.

८ नोव्हेंबर

अप्पांना हँडीकॅमच्याच स्क्रीनवर दाखवलं. उलटंच. अप्पांनी मान वाकडी करून चेहरा ओळखला आणि नंदा, नंदा करत स्क्रीनवर बोट फिरवत राहिले. आई हात हलवत होती. बोटं वरून खाली, आपण ‘ये’ म्हणतो तशी. अप्पा म्हणाले, बोलावतेय बघ मला.

१० नोव्हेंबर

दुपारी ऊन आलं की अप्पा खुर्चीत जाऊन बसतात, आईसोबत एका चौकटीत दिसायला. मी अप्पांवर फोकस ठेवला की चिडतात. म्हणतात, या म्हाताऱ्याचं थोबाड काय करायचंय, फोकस आईवर ठेव.

१२ नोव्हेंबर

अप्पा जेवताना समोर बसले होते. चेहरा नीट दिसेना. मी चष्मा पुसला, परत पुसला. भिंतीवरचं कॅलेंडर स्पष्ट दिसतं. फक्त अप्पा धूसर.

त्यांना म्हटलं, बास झालं, उद्यापासून कॅमेरा बंद. लहान मुलासारखे रडले. म्हणाले, वर्षभर तिच्याशिवाय कसा जगलोय ते तुला नाही कळायचं. मला नाही कळायचं? मला?

मी बंद नाही केला. मलाही ती बघायची होती.

१४ नोव्हेंबर

आई आज जोरजोरात हात हलवत होती. चेहरा रडवेला. अप्पा पुढे धुरकट, मग पातळ — मी धावले —

खुर्चीत फक्त अप्पांचा चष्मा.

स्क्रीनवर कॉटवर दोघं.

१५ नोव्हेंबर

रिंग पुढे फिरवली. रिकामी खुर्ची. मागे फिरवली. दोघं. किती फिरवली तरी अप्पा पुढे येत नाहीत.

देवेशला दाखवायला म्हणून सगळं कॉम्प्युटरवर घेतलं. सुलटं केलं.

आई बोटं वरून खाली नाही हलवत. खाली लोंबणारी बोटं वर झटकतेय. ‘जा’ म्हणताना झटकतो तशी. पहिल्या दिवसापासून. जा, ऊठ तिथून, जा —

बोलावत नव्हती गं. हाकलत होती त्यांना. आणि मी, एवढी कॅमेरावाली, उलटंच वाचत बसले.

१६ नोव्हेंबर

घरात भांड्याचाही आवाज नाही. दोन ताटं वाढली. का वाढली?

१७ नोव्हेंबर

ऊन आलंय. रिंग लाल खुणेवर. कॅमेरा चालू करून खुर्चीत बसलेय, वही मांडीवर. बसण्याआधी स्क्रीनवर बघितलं, मनात सुलटं करून. दोघांचेही हात हलतायत. आता अप्पासुद्धा.

कळतंय मला. जा म्हणताय.

कुठे जाऊ पण? कोणाकडे? आई, हात खाली घे ना. अप्पा, तुम्ही तरी —

अक्षर पुसट दिसायला लागलं. शाई संपली नाहीये. बोटंच —

आई, मी ये