धुळ्याहून येणारे वेळू

अमळनेर
गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय पितांबर,

तुला फोन लावला की तू ‘हं, हं’ करतोस आणि फोन तुझ्या दीपकच्या हातात देतोस. तुला बोल लावत नाही. आपल्या घरात बोलायची सवय होती कुणाला? दुसऱ्यांच्या रडण्यात गप्प उभं राहण्यातच आपलं आयुष्य गेलं. म्हणून आज कागद घेऊन दुकानाच्या ओट्यावर बसलोय. समोर बोरी वाहतेय, यंदा पाणी बरं आहे. मेघाने चहा आणून ठेवला. सून गुणाची आहे, पण तिच्या चहात आलं नसतं. या वेळचा चहा इतकी वर्षं कोण आणायचं, ते तुला सांगायला नको.

तुझ्या वहिनीला, प्रमिलाला जळगावच्या दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टर भला माणूस होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, बाबा, आता घरचं खाऊ द्या, मनाला येईल ते करू द्या. आपल्या ओट्यावर येणारे लोक कितीदा हेच सांगत आले आहेत, ‘महिन्यापूर्वी डॉक्टर म्हणाले होते, घरी न्या’ म्हणून. आपण मान हलवायचो आणि तिरडीसाठी सुतळीचं बंडल सोडायचो. तेच वाक्य माझ्याकडे तोंड करून आलं तेव्हा मला आधी कळलंच नाही. पोराला, हितेंद्रला कळलं. आणि प्रमिलाला आमच्या दोघांच्या आधी कळलेलं होतं. गाडीत बसल्यावर म्हणाली, येताना गिलक्याचं बी घ्यायचं राहिलं.

दुकान हितेंद्र नीट बघतो. त्याने शीतपेटी घेतली आहे. आता कुणाचा मुलगा पुण्याला असतो, कुणाची मुलगी दुबईला, ते येईपर्यंत थांबावं लागतं. पेटीची वायर त्यांच्याच घरच्या बोर्डात लावतो, आणि दर वेळी कुणीतरी हळूच विचारतं, लाईट गेली तर? हितेंद्र सांगतो, मी बसलोय ना इथे. आणि खरंच बसतो. आबांनी घालून दिलेलं त्याने मोडलेलं नाही. गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणत नाही, जाताना ‘परत या’ म्हणत नाही, कोण गेलं ते विचारत नाही. उंची विचारतो, आणि बाई की माणूस. वरात आपल्या दुकानासमोरून जाते तेव्हा बँडवाले अजूनही जोर करतात, नवरदेवाची मावशी त्याच्या डोळ्यांपुढे पदर धरते. आणि त्याच मावशीच्या घरी वेळ येते तेव्हा शिकलेसवरलेले तिचे मुलगे अंगणात उभे राहून हितेंद्रकडे बघतात, की आता काय करायचं. मडकं कुणी धरायचं, डोकं कुठल्या दिशेला, कुणाला पुढे घ्यायचं. हे सांगणारं माणूस गावाला लागतं. फक्त त्याचं तोंड एरवी दिसू नये, एवढंच गावाचं म्हणणं असतं.

अशा घरात शिंदखेड्याकडची ती पोरगी आली, हे मला अजून स्वप्नासारखं वाटतं. तिच्या आत्याने बैठकीतच टोमणा मारला होता, हळदीच्या अंगाने पोरगी गोवऱ्या मोजायला धाडता का म्हणून. मी खाली बघत होतो. तू माझ्या शेजारी चड्डीची नाडी चघळत बसला होतास. आणि आतून हिचाच आवाज आला होता, आत्या, तूसुद्धा कधीतरी गिऱ्हाईक होशीलच, आतापासून ओळख बरी. सगळी बैठक हसली, आत्यासुद्धा. आठवतं तुला? पहिल्या दिवाळीला तिने आबांना विचारलं, लक्ष्मीपूजनाला या घरात मागायचं काय, भरभराट होऊ दे असं तर म्हणता येणार नाही. आबा कधी नव्हे ते विचारात पडले. मग म्हणाले, गावाले आयुष्य मांग, आपले भाकर मांग. तेव्हापासून ती तेच मागते. आपली आई तुला नीटशी आठवतही नाही. तू जिच्या ताटात जेवलास, जिने तुझ्या डोक्यातल्या उवा काढल्या, ती हीच. या श्रावणात कानबाईच्या रोटाला तू आला नाहीस. घरातल्या एकेकाच्या नावाने गहू काढताना मेघाने तुझं नाव वगळलं, तर हिने अंथरुणातून तिला परत बोलावलं आणि तुझ्या नावाची सव्वा मूठ टाकायला लावली. आपला रोट भाऊबंदांशिवाय कुणाला द्यायचा नसतो. तुझ्या वाट्याचा तिने मलाच खायला घातला.

हे सगळं लिहिताना माझं मन सारखं मराठी शाळेत जातं. पाचवीला गुरुजी कविता चालीवर म्हणून घ्यायचे, आणि तू, शाळेत घालायच्याही वयाचा नव्हतास, खिडकीच्या गजाला धरून बाहेर उभा राहायचास. मी त्या चालींवरच गाठी मारायला शिकलो. एक चरण, एक गाठ. आबा म्हणायचे, हा पोरगा तिरडी बांधतो की गाणं लावतो. परवा प्रमिला म्हणाली, ती पाखराची कविता म्हणा. पहिलं कडवं म्हटलं, आणि दुसरं येईना. डोळे मिटले, बोटांनी हवेत गाठी मारून पाहिल्या, तरी येईना. ती म्हणाली, राहू द्या, ते पितांबरला येतं.

तू का येत नाहीस ते मला कळतं. आबांचा नियम. आबा एकदा मोसंबी घेऊन शेजारच्या गल्लीत तापाने पडलेल्या दोस्ताला बघायला गेले होते. दोस्त उठून बसला होता, बशीत चहा ओतून पीत होता. आबांना दारात बघितलं आणि बशी खाली ठेवून तो परत आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून. त्याच्या बायकोने तर रडायलाच सुरुवात केली. आबा मोसंबी उंबऱ्यावर ठेवून आले. त्यानंतर आपण कुणी कधी आजाऱ्याला भेटायला गेलो नाही, ना घरी, ना दवाखान्यात. बोलावलं की जायचं, आणि बोलावणं एकाच गोष्टीचं येतं.

दुसरा नियमही त्यांचाच. आई गेली तेव्हा आबांनी आपल्याच दुकानातला वेळू काढला आणि स्वतः बांधायला बसले. सबंध गावाच्या गाठी ज्यांच्या हातच्या, त्यांची गाठ नदीच्या वळणावर सुटली. तिरडी एका अंगाला कलली, लोकांनी वरच्या वर धरली. तू तेव्हा कुणाच्यातरी कडेवर होतास. मी बघितलं. आपण मोठे झाल्यावर आबांनी मला इथे ठेवून तुला धुळ्याला दुकान काढून दिलं, ते धंद्यासाठी नव्हतं. म्हणाले, घरच्या माणसाले घरना हात बांधू शकत नही. धुळ्याच्या घरात कुणी गेलं तर अमळनेरहून वेळू येतील, अमळनेरला गेलं तर धुळ्याहून. आणि आबा गेले तेव्हा तू एसटीच्या टपावर वेळू टाकून आलास. खाली बसलेले लोक कुरकुरत होते, कंडक्टरने त्यांना गप्प केलं, म्हणाला, बाप गेलाय त्याचा. आबांना तू बांधलंस. एकही गाठ हलली नाही. मी नुसता मुलगा म्हणून पुढे चाललो, मडकं धरून, आणि मला पहिल्यांदा धड रडता आलं. आबांचा नियम मला त्या दिवशी कळला.

म्हणूनच भिकुबाईचं माझ्या मनातून जात नाही, आणि तुझ्या तर कसं जाईल. लॉकडाऊनात ती गेल्याचा निरोप आमच्याकडे आला तेव्हा मी वेळू काढले, तिच्या उंचीचे केले, टेम्पोत घातले. रस्त्यात अडवलं, पास नव्हता, आणि पास असता तरी बांधायचं काय होतं? तुला तिचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही. अख्ख्या धुळ्याला ज्याने बांधून दिलं, त्याच्या बायकोला प्लास्टिकच्या पिशवीत कुणी अनोळखी माणसं घेऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून तू शटर उघडलं नाहीस. दीपकने तिथे मोबाईलचं दुकान काढलं, बरं केलं. पण तू सुतळीला हात लावणं सोडलंस आणि त्याबरोबर आमच्याकडे येणंही सोडलंस, त्याला आता वर्षं झाली. मी समजून घेतलं. प्रमिलाने घेतलं नाही. तिचं म्हणणं, माणूस दुःखात गप्प बसला तर त्याला दुसऱ्याने हलवायचं असतं, आणि तुम्ही भाऊ एकमेकांना हलवत नाही, एकमेकांची वाट बघता.

त्या टेम्पोतून परत आणलेल्या वेळूंचं काय झालं, हे तुला मी कधी सांगितलं नाही. ते दुसऱ्या कुणाला देणं मला जमेना. जाळणंही जमेना. परसात भिंतीला टेकवून ठेवले होते. एके सकाळी बघतो तर प्रमिलाने ते जमिनीत रोवलेले, वर आडव्या काटक्या बांधलेल्या, आणि बुडाशी गिलक्याचं आळं. मी चिडलो. भिकूच्या नावाचे वेळू, त्यांना वेल? तर म्हणाली, भिकूला माझ्या हातची गिलक्याची भाजी आवडायची, ती काय म्हणणार आहे. तेव्हापासून दर वर्षी वेल चढतो. यंदा जुनंच बी टाकलं, तरी आला. मी खाट अशी लावली आहे की तिला खिडकीतून तो मांडव दिसतो.

आता का लिहिलं ते सांगतो. परवा साक्रीकडचा वेळूवाला माल टाकायला आला होता. जाता जाता हितेंद्रला सहज म्हणाला, तुझ्या धुळ्याच्या काकाने परत दुकान सुरू केलं की काय, इतक्या वर्षांनी स्वतः येऊन चांगले पारखून दोन वेळू घेऊन गेला. हितेंद्रने न मोजताच त्याचे पैसे दिले. पितांबर, जित्या माणसाचा वेळू घ्यायचा नाही, हे तर आबांना सांगावंही लागलं नव्हतं. आधी मला राग आला. मग डोळ्यांपुढे तू दिसलास, एकेक वेळू हातात धरून त्याची पेरं चाचपणारा, या खेपेला रस्ता अडवला तरी उशीर व्हायला नको म्हणून घाबरलेला, आणि माझा राग गेला. तुला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने माया करायला आपल्याला शिकवलंच नाही कुणी. ही गोष्ट मी प्रमिलापासून लपवणार होतो, पण ओट्याकडचं दार उघडं होतं. ती आधी हसली, खोकला येईपर्यंत हसली. मग मला म्हणाली, “त्याले लिखा, मंग ईसन काय करशी? मी जित्ती शे तवयच ये.” आणि भिंतीकडे तोंड केलं. आबांच्या त्या दोस्तासारखं नव्हे, डोळे पुसायला. तेव्हा बाबा, मग येऊ नकोस, ती आहे तोवर ये. तुला दारात बघून या घरात कुणी रडणार नाही. आबांचा एक नियम मी मोठा भाऊ म्हणून मोडतोय, त्याचं जे काय होईल ते माझ्या माथी. वेळू आणू नकोस, सुतळी आणू नकोस, मोसंबीसुद्धा आणू नकोस. ते दुसरं कडवं तेवढं आठवत ये. आणि घेतलेत ते वेळू तुझ्या परसात रोव. बी मी पुडीत बांधून ठेवलं आहे, जाताना ने. पुढचं बोलावणं पुढे येईल. तेव्हा तूच बांधशील, माझ्याच्याने ते व्हायचं नाही. पण हे बोलावणं वेगळं आहे. असं बोलावणं आपल्या घरातून आपल्या घराला पहिल्यांदाच जातंय, तेव्हा ते मागे फिरवू नकोस.

ओट्यावरून उठून आता वेलाखाली खुर्ची टाकून बसलेला,
तुझाच नाना