निखिलची बॅट

खंडेनवमी, संध्याकाळ. बोळिंज

सकाळी ह्यांनी निखिलच्या बॅटला हळदकुंकू लावून ती देवापुढे ठेवली होती. पोरगा कॅनडाला गेल्यापासून दर वर्षी ठेवतात. दुपारी तीच बॅट उचलून चौथ्या मजल्यावर गेले.

तिथे नायजेरियाचा पीटर भाड्याने राहतो. त्याचा व्हिसा संपलाय हे सोसायटीत कळलं, एवढंच. त्याने दार उघडलं नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून तोडलं. पहिला फटका ह्यांचा, गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी जिन्यात ऐकला. का नाही ओरडले मी? पीटरला कुठे नेलं, कोणी सांगत नाही.

"धुऊन ठेव," घरी येऊन हे म्हणाले. मी बॅट मोरीत घासली. रक्त गेलं, हळद राहिली.

आत्ता निखिलचा फोन आला. त्याचाही व्हिसा कधीच संपलाय, हे फक्त आम्हा दोघांना माहीत. रडत होता. "बाबा, कोणीतरी दार ठोठावतंय."

"उघडू नकोस, बाळा," हे घाईघाईने म्हणाले.

मी म्हटलं, "आधी विचारा, त्यांच्या हातात काय आहे."